टेस्टकंटेनर्स: खऱ्या डेटाबेसवरच्या टेस्ट आणि त्यांचा खरा खर्च

टेस्टकंटेनर्स (टेस्टपुरता खरा डेटाबेस डॉकर कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त प्रक्रियेत, उभा करणारी लायब्ररी) वापरावं का, याचं उत्तर बहुतेक बॅकएंड टीमसाठी 'हो' असंच आहे. लायब्ररी फुकट आहे, परवाना एमआयटी आहे आणि पहिली टेस्ट दहा-पंधरा ओळींत चालू होते. पण पहिली टेस्ट चालू होणं वेगळं आणि शेकडो टेस्ट सीआयवर, म्हणजे बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेवर, रोज न लटकता चालणं वेगळं. या मधल्या वाटेवर काय काय आडवं येतं, ते डॉक्युमेंटेशनमध्ये इथे-तिथे विखुरलेलं आहे. हा रिव्ह्यू मुख्यतः त्यावर आहे. उदाहरणं जावा, स्प्रिंग बूट हे तिचं फ्रेमवर्क आणि पोस्टग्रेस या डेटाबेसची घेतली आहेत, कारण जावा आवृत्ती सर्वांत जुनी आणि भरलेली. गो, डॉटनेट, नोड, पायथन, रस्ट यांच्याही आवृत्त्या आहेत, पण प्रत्येकीत सगळ्या सोयी सारख्या नाहीत.

थोडी पार्श्वभूमी. रिचर्ड नॉर्थ यांनी २०१५ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. २०२१ मध्ये त्यांनी आणि सर्गेई एगोरोव यांनी त्यासाठी अ‍ॅटॉमिकजार ही कंपनी काढली आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती डॉकरने घेतली. लायब्ररी मुक्तस्रोतच राहिली. पैसे लागतात ते टेस्टकंटेनर्स क्लाउड या सेवेला. त्याबद्दल पुढे.

काम साधं आहे. टेस्ट सुरू होताना लायब्ररी डॉकरला सांगून पोस्टग्रेस, काफ्का (मेसेज वाहून नेणारी प्रणाली), रेडिस (मेमरीतला डेटासाठा), जे हवं त्याचा कंटेनर उभा करते, तो तयार होईपर्यंत थांबते, पत्ता आणि पोर्ट कोडला देते आणि काम झालं की सगळं आवरते. एचटूसारखा मेमरीतला डेटाबेस यापेक्षा वेगवान असतो हे खरं, पण त्याचा पोस्टग्रेस मोड म्हणजे फक्त बोलीची नक्कल. जेसनबीचे ऑपरेटर, 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट', आंशिक इंडेक्स, अ‍ॅडव्हायझरी लॉक यांपैकी काहीही वापरलंत की एकतर टेस्ट चालत नाही किंवा टेस्टसाठी मायग्रेशनची (टेबलांची रचना घडवणाऱ्या स्क्रिप्टची) दुसरी प्रत ठेवावी लागते. दुसरी प्रत ठेवली की टेस्ट कशाची चालली आहे हेच कळेनासं होतं.

तयार होणं म्हणजे काय

'कंटेनर चालू झाला' आणि 'आतला डेटाबेस तयार झाला' या दोन घटनांमध्ये काही सेकंद जातात. टेस्ट कधी पास, कधी फेल होण्याचं पहिलं कारण हेच. काही सांगितलं नाही तर लायब्ररी उघडलेल्या पोर्टची वाट पाहते आणि ६० सेकंदांनी हार मानते. पोस्टग्रेसला हे पुरत नाही. त्याची अधिकृत इमेज (ज्यातून कंटेनर बनतो तो साचा) पहिल्यांदा सुरू होताना एक तात्पुरता सर्व्हर चालवते, त्यावर सुरुवातीच्या स्क्रिप्ट चालवते, तो बंद करते आणि मग खरा सर्व्हर सुरू करते. त्यामुळे 'डेटाबेस सिस्टिम इज रेडी टू अ‍ॅक्सेप्ट कनेक्शन्स' ही ओळ लॉगमध्ये दोनदा येते. पहिल्या ओळीवर विश्वास ठेवून जोडायला गेलात तर मध्येच दार बंद. पोस्टग्रेसचं तयार मॉड्यूल (लायब्ररीतला खास त्याच्यासाठीचा भाग) म्हणूनच ही ओळ दोनदा दिसेपर्यंत थांबतं. तयार मॉड्यूल सोडून जेनेरिक कंटेनरने पोस्टग्रेस उभा करणाऱ्यांना हीच अट हाताने लिहावी लागते आणि नेमकी तीच राहून जाते.

पोर्टच्या तपासणीतही एक गोम आहे. डॉकरचा प्रॉक्सी आतली प्रक्रिया ऐकत नसली तरी बाहेरचं पोर्ट उघडून बसू शकतो, म्हणून लायब्ररी कंटेनरच्या आत जाऊनही तपासते. त्यासाठी आत शेल लागतो. डिस्ट्रोलेस, म्हणजे फक्त अ‍ॅप्लिकेशनपुरत्या ठेवलेल्या, इमेजमध्ये तो नसतो. तिथे लॉगच्या ओळीवर किंवा एचटीटीपी हेल्थ पत्त्यावर थांबायला सांगणं हाच सरळ मार्ग. कोडमध्ये पाच सेकंदांचा स्लीप टाकणं हा उपाय नव्हे: वेगवान मशीनवर तो वेळ वाया जातो आणि संथ मशीनवर पुरत नाही.

पोर्ट आणि पत्ते

बाहेरचं पोर्ट दर वेळी वेगळं मिळतं आणि ते तसंच असू द्यावं. ५४३२ पक्कं केलंत की एकाच मशीनवर दोन बिल्ड आले, की एक आपटणार. पत्त्यालाही 'लोकलहोस्ट' लिहू नये, लायब्ररीलाच विचारावा. डॉकर दुसऱ्या मशीनवर असेल तर लोकलहोस्टवर काहीच नसतं.

याच्या उलट चूकही नेहमीची आहे. अ‍ॅप्लिकेशनसुद्धा कंटेनरमध्ये चालवून त्याला डेटाबेसशी जोडायचं असेल, तर दोन्ही कंटेनर एका नेटवर्कवर टाकून, डेटाबेसला उपनाव देऊन, मूळ ५४३२ हेच पोर्ट वापरायचं. बाहेर मिळालेलं बदलतं पोर्ट फक्त बाहेरून येणाऱ्यांसाठी असतं.

काफ्काच्या बाबतीत मॉड्यूल खरी मेहनत वाचवतं. काफ्काचा क्लायंट आधी ब्रोकरला, म्हणजे काफ्काच्या सर्व्हरला, गाठतो, ब्रोकर त्याला स्वतःचा पत्ता सांगतो आणि पुढचं सगळं त्या पत्त्यावर चालतं. तो पत्ता ब्रोकर सुरू होण्याआधी ठरवावा लागतो. बाहेरचं पोर्ट मात्र कंटेनर सुरू झाल्यावरच कळतं. मॉड्यूल हा पेच असा सोडवतं: कंटेनर सुरू करून त्याला एका स्क्रिप्टची वाट पाहत बसवतं, पोर्ट कळलं की योग्य पत्ता लिहिलेली स्क्रिप्ट आत टाकतं आणि मग ब्रोकर जागा होतो. हे सोडून स्वतः काफ्का उभा करायला गेलात तर पहिली जोडणी होते आणि मग क्लायंट चुकीच्या पत्त्यावर टाइमआउट होईपर्यंत घुटमळत राहतो. लॉगमध्ये 'जोडलं गेलं' दिसत असल्याने शोध भलत्याच दिशेने जातो.

कंटेनर किती वेळ जगतो

सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रश्न हा. जेयुनिटमध्ये (जावाच्या टेस्ट चालवणारं साधन) कंटेनर अ‍ॅनोटेशनसह साध्या फील्डमध्ये ठेवला तर प्रत्येक टेस्टला नवा मिळतो आणि स्टॅटिक फील्डमध्ये ठेवला तर प्रत्येक क्लासला एक. पहिला प्रकार जवळजवळ कुणालाच परवडत नाही. दुसरा ठीक दिसतो, म्हणून टीम तो एका पायाभूत क्लासमध्ये टाकते, सगळे टेस्ट क्लास त्यातून काढते आणि स्प्रिंगच्या खड्ड्यात पडते.

होतं असं. पहिला क्लास संपला की अ‍ॅनोटेशन कंटेनर बंद करतं. दुसऱ्या क्लाससाठी नवा कंटेनर नव्या पोर्टवर येतो. पण स्प्रिंगने पहिल्या क्लासचा कॉन्टेक्स्ट (जोडून तयार केलेलं अख्खं अ‍ॅप्लिकेशन) जपून ठेवलेला असतो, दुसऱ्या क्लासची रचना तीच असल्याने तो तोच परत देतो आणि त्या कॉन्टेक्स्टमधला कनेक्शन पूल (डेटाबेसच्या तयार जोडण्यांचा साठा) अजून मेलेल्या पोर्टवर दार ठोठावत असतो. लक्षण ओळखायला सोपं आहे: प्रत्येक क्लास एकटा चालवला तर पास, सगळे मिळून चालवले तर दुसऱ्यापासून 'कनेक्शन रिफ्यूज्ड'.

उपाय म्हणजे सिंगलटन पद्धत. अ‍ॅनोटेशन काढायचं, स्टॅटिक ब्लॉकमध्ये कंटेनर हाताने सुरू करायचा आणि बंद करायची चिंता सोडायची. स्प्रिंग बूट ३.१ पासून कंटेनर स्प्रिंगचा बीन (स्प्रिंग स्वतः सांभाळतं तो ऑब्जेक्ट) म्हणून ठेवून 'सर्व्हिस कनेक्शन' अ‍ॅनोटेशन देता येतं. मग पत्ता, नाव, पासवर्ड जोडण्याची कटकटही जाते आणि कंटेनर कॉन्टेक्स्टइतकाच जगतो. नव्या प्रकल्पात दुसरी वाट घ्यावी. मात्र कॉन्टेक्स्ट बरेच असतील तर कंटेनरही तितकेच उभे राहतात, हे ध्यानात ठेवावं.

बंद न केलेला कंटेनर आवरतो कोण? रायुक नावाचा छोटा कंटेनर. लायब्ररी सगळ्यांत आधी तो सुरू करते आणि त्याच्याशी एक जोडणी उघडी ठेवते. टेस्टची प्रक्रिया मेली, कुणी ती मध्येच मारली, तरी जोडणी तुटताच रायुक थोडं थांबून त्या सत्राचे लेबल असलेले कंटेनर, नेटवर्क, व्हॉल्यूम पुसून टाकतो. त्याला डॉकरचं सॉकेट लागतं, म्हणून काही बंदिस्त सीआयवर तो चालत नाही आणि सेटिंगमधून बंद करावा लागतो. दर बिल्डला नवं मशीन मिळत असेल तर बंद केल्याने काही बिघडत नाही. कायमस्वरूपी रनरवर (सीआयचं काम चालवणाऱ्या मशीनवर) बंद केलात तर अर्धवट मेलेल्या बिल्डचे कंटेनर साठत जातात आणि एक दिवस डिस्क भरते.

कंटेनर पुन्हा वापरण्याची सोय डेव्हलपरच्या मशीनवर खरंच सुख देते. कोडमध्ये 'विथ रीयूज' म्हणायचं आणि होम फोल्डरमधल्या टेस्टकंटेनर्सच्या प्रॉपर्टी फाइलमध्ये 'रीयूज एनेबल' चालू करायचं. दोन्ही हवं, एकाने भागत नाही. कंटेनर हाताने सुरू केलेला असायला हवा, कारण जेयुनिटचं अ‍ॅनोटेशन तो शेवटी बंद करून टाकतं. शिवाय जुना डेटा तसाच राहतो: एकदा लागू झालेली मायग्रेशन फाइल नंतर बदललीत की फ्लायवे (मायग्रेशन चालवणारं साधन) चेकसम जुळत नाही म्हणून अडून बसतो. तेव्हा तो कंटेनर पुसायचा आणि पुढे जायचं. सीआयवर ही सोय चालू ठेवू नये.

कनेक्शनचा हिशेब

सिंगलटन पद्धतीने वेग येतो आणि काही आठवड्यांनी, टेस्ट वाढल्या की, पोस्टग्रेस 'सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी' म्हणतो. बेरीज करून पाहा. हिकारी या स्प्रिंग बूटच्या नेहमीच्या लायब्ररीचा पूल मुळात १० कनेक्शनचा असतो आणि ती दहाही उघडी ठेवतो. स्प्रिंग टेस्टचे कॉन्टेक्स्ट ३२ पर्यंत जपून ठेवतं. पोस्टग्रेसची मर्यादा मुळात १०० कनेक्शनची. अकरावा कॉन्टेक्स्ट आला की संपलं. मर्यादा ३०० करून टाकणं ही पळवाट झाली. टेस्टमध्ये पूल २-३ चा ठेवा आणि इतके कॉन्टेक्स्ट का होतात ते शोधा. बहुधा प्रत्येक टेस्ट क्लासने आपापले वेगळे मॉक (नकली) बीन जाहीर केलेले असतात आणि मॉकच्या प्रत्येक वेगळ्या जोडणीला स्प्रिंग नवा कॉन्टेक्स्ट बांधतं. ते आवरले की बिल्डचा वेळही उतरतो. कित्येकदा कंटेनरला 'हळू' म्हणून नावं ठेवली जातात आणि खरा वेळ कॉन्टेक्स्ट खात असतात.

डेटा वेगळा ठेवणं

एक डेटाबेस सगळ्या टेस्टनी वापरायचा तर एकीचा कचरा दुसरीच्या पायात येणार. सर्वांत सोपी रीत म्हणजे प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये चालवून शेवटी रोलबॅक. वेगवान आहे, पण कमिट कधीच होत नाही. परिणामी कमिटच्या वेळी तपासले जाणारे 'डिफर्ड' कन्स्ट्रेंट तपासले जात नाहीत, कमिटनंतर सुटणारे इव्हेंट सुटत नाहीत आणि दुसऱ्या थ्रेडला तो डेटा दिसत नाही. पैसे, ऑर्डर, आउटबॉक्स अशा भागांसाठी ही रीत वापरू नये.

टेस्टनंतर टेबलं रिकामी करणं जास्त प्रामाणिक. इथे बहुतेक जण ट्रंकेट वापरतात. पण प्रत्येक टेबलावर पूर्ण लॉक घेऊन नवी फाइल बनवण्याचा त्याचा खर्च पाच-दहा ओळींच्या टेबलांना जड पडतो. तिथे साधा डिलीट बऱ्याचदा लवकर होतो. मोजून ठरवावं.

तिसरी रीत कमी वापरली जाते आणि सर्वांत चांगली आहे: मायग्रेशन एकदाच एका डेटाबेसवर चालवायची आणि प्रत्येक टेस्ट क्लाससाठी 'क्रिएट डेटाबेस … टेम्प्लेट' ने त्याची प्रत काढायची. पोस्टग्रेस ही प्रत साठवलेल्या डेटाचीच थेट काढतो, त्यामुळे शेकडो मायग्रेशन पुन्हा चालवण्याच्या तुलनेत ती चटकन होते. अट एकच, प्रत काढताना मूळ डेटाबेसला कुणीही जोडलेलं नको, नाहीतर 'सोर्स डेटाबेस इज बीइंग अ‍ॅक्सेस्ड बाय अदर युजर्स' अशी एरर येते. म्हणजे मायग्रेशन चालवणारा पूल आधी बंद करायचा.

वेगासाठी आणखी एक: जावाचं पोस्टग्रेस मॉड्यूल एफसिंक (बदल लगेच डिस्कवर पक्के करणं) आधीच बंद ठेवतं. त्यावर डेटा फोल्डर टीएमपीएफएसवर म्हणजे मेमरीत ठेवता येतं. पोस्टग्रेस १८ च्या इमेजमध्ये या फोल्डरचा मार्ग बदलला आहे आणि त्यात आवृत्तीचा आकडा आला आहे. जुना मार्ग लिहिलेला राहिला तर ही युक्ती चालत नाही.

हिरवी टेस्ट काय सांगत नाही

इथे मार्क कापावे लागतात, अर्थात लायब्ररीचे कमी आणि तिच्यावर आंधळेपणाने विसंबणाऱ्यांचे जास्त. मॉड्यूल जो टेस्ट युजर देतं तो पोस्टग्रेसचा सुपरयुजर असतो. सुपरयुजरला ग्रँट लागत नाही आणि रो लेव्हल सिक्युरिटीही त्याला अडवत नाही. एका ग्राहकाचा डेटा दुसऱ्याला दिसू नये म्हणून लिहिलेली पॉलिसी टेस्टमध्ये तपासली जाते असं वाटतं. प्रत्यक्षात ती कधीच लागू झालेली नसते. सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये मर्यादित हक्कांचा रोल बनवा, मायग्रेशन सुपरयुजरने चालवा आणि अ‍ॅप्लिकेशनला त्या रोलने जोडा. एवढ्याने प्रॉडक्शनमध्ये फुटणारे 'परमिशन डिनाइड' बिल्डमध्येच पकडले जातात.

इमेजचा टॅग प्रॉडक्शनमधल्या मुख्य आवृत्तीशी जुळवा, 'लेटेस्ट' कधीही नको. अल्पाइनची इमेज लहान आहे म्हणून घेतली जाते, पण तिची सी लायब्ररी वेगळी आहे आणि त्यामुळे अक्षरांची क्रमवारी डेबियन इमेजपेक्षा वेगळी लागू शकते. 'ऑर्डर बाय'वर उभ्या टेस्ट असतील तर डेबियनच घ्या. क्लाउडवरच्या मॅनेज्ड डेटाबेसमध्ये खरा सुपरयुजर मिळत नाही आणि एक्स्टेन्शनची यादी मर्यादित असते, म्हणून कंटेनरमध्ये सुखाने चाललेलं 'क्रिएट एक्स्टेन्शन' तिथे अडू शकतं. रेप्लिकाचं मागे पडणं, फेलओव्हर, नेटवर्कचा उशीर यांपैकी काहीही एकट्या कंटेनरमध्ये दिसत नाही.

लोकलस्टॅक या एडब्ल्यूएसच्या सेवांची नक्कल करणाऱ्या कंटेनरबाबत तर हे दुप्पट खरं. एसथ्री, एसक्यूएस, डायनॅमोडीबी ४५६६ या एका पोर्टवर मिळतात आणि कोडचा प्रवाह तपासायला ते उत्तम. पण आयएएमच्या (एडब्ल्यूएसच्या हक्क ठरवणाऱ्या व्यवस्थेच्या) परवानग्या तिथे मुळात सक्तीने लागू होत नाहीत. रोलला 'पुट ऑब्जेक्ट'चा हक्कच दिला नसेल तरी टेस्ट हिरवी. म्हणून खऱ्या अकाउंटवर, खऱ्या रोलने चालणाऱ्या मोजक्या टेस्ट वेगळ्या ठेवा. प्रत्येक सेवेला एक लिहिणं, एक वाचणं आणि एक मुद्दाम नाकारलं जाणारं काम, इतकं पुरे. त्या दर कमिटला चालवू नका, डिप्लॉयच्या आधी चालवा.

सीआयवर

गिटहबच्या लिनक्स रनरवर डॉकर तयार असतं, काही करावं लागत नाही. मॅकच्या रनरवर नसतं. गिटलॅबवर डॉकर-इन-डॉकर सेवा आणि प्रिव्हिलेज्ड रनर लागतो. कुबरनेटिसवरच्या (अनेक मशीनवर कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीवरच्या) रनरना मोठी अडचण येते. आवृत्ती १.२४ पासून डॉकरशिम (कुबरनेटिसला डॉकरशी जोडणारा भाग) गेला, नोडवर बहुधा डॉकरऐवजी कंटेनरडी असतं आणि बाहेरून सॉकेट जोडण्याची जुनी युक्ती संपली. मग पॉडमध्ये प्रिव्हिलेज्ड साइडकार (जादा हक्कांचा सोबतचा कंटेनर) ठेवा, ज्याला सिक्युरिटीवाले सहसा मान्यता देत नाहीत, किंवा डॉकरसाठी वेगळं मशीन द्या, किंवा टेस्टकंटेनर्स क्लाउड घ्या. तिथे कंटेनर दूरच्या मशीनवर चालतात आणि तुमच्या रनरवर फक्त एक एजंट असतो. पैसे मोजण्याजोगी जागा मला ही एकच वाटते. ज्यांच्या रनरवर डॉकर आधीच आहे त्यांना गरज नाही.

डॉकर दूर असेल तर आपल्या मशीनवरचं फोल्डर बाइंड माउंटने देता येत नाही, कारण ते फोल्डर तिथे नसतंच. गंमत म्हणजे एरर येईलच असं नाही. रिकामं फोल्डर जोडलं जातं आणि सुरुवातीची स्क्रिप्ट चालतच नाही. पहिल्या दिवसापासून फाइल कॉपी करून आत टाकण्याची पद्धत वापरा.

दुसरी अडचण इमेज ओढण्याची. डॉकर हबने नोव्हेंबर २०२० पासून लॉगिन न केलेल्यांना सहा तासांत १०० पुल अशी मर्यादा लावायला सुरुवात केली आणि ती आयपी पत्त्यावर मोजली जाते. सगळे रनर एकाच पत्त्यावरून बाहेर पडत असतील तर दुपारपर्यंत 'टू मेनी रिक्वेस्ट्स'. आपल्या रजिस्ट्रीत आरसा ठेवा आणि लायब्ररीच्या इमेज-प्रीफिक्स सेटिंगमधून तो द्या, म्हणजे कोडमध्ये एकही नाव बदलावं लागत नाही. नाव थेट कोडमध्ये बदललंत तर मॉड्यूल 'ही ओळखीची इमेज नाही' म्हणून नाकारतं आणि 'ही पोस्टग्रेसचीच पर्यायी इमेज आहे' असं प्रत्येक ठिकाणी वेगळं जाहीर करावं लागतं.

मेमरीचाही अंदाज घ्या. ग्रेडल या बिल्डच्या साधनाला चार फोर्क (समांतर प्रक्रिया) दिले तर चार जेव्हीएम होतात आणि स्टॅटिक म्हणून ठेवलेला कंटेनर प्रत्येकीत वेगळा उभा राहतो. एसक्यूएल सर्व्हरला एका कंटेनरमागे किमान २ जीबी लागतात. चार म्हटले की रनर गुडघ्यावर येतो.

आवृत्त्या

जावाची २.० आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. तिने जेयुनिट ४ चा आधार काढला आणि मॉड्यूलच्या डिपेन्डन्सीची नावं बदलली, म्हणून नुसता आकडा वाढवून बिल्ड होणार नाही. त्याच सुमारास डॉकर इंजिन २९ ने किमान एपीआय आवृत्ती १.४४ केली आणि जुन्या टेस्टकंटेनर्सवरच्या टीमच्या टेस्ट काहीही न बदलता बंद पडल्या. 'क्लायंट व्हर्जन १.३२ इज टू ओल्ड' अशी ओळ दिसली तर दुसरीकडे शोधू नका. लायब्ररी अद्ययावत करा. ते लगेच शक्य नसेल तर टेस्टच्या रिसोर्स फोल्डरमध्ये डॉकर-जावाची प्रॉपर्टी फाइल ठेवून त्यात एपीआय आवृत्ती १.४४ लिहा. रनरच्या इमेजमध्ये डॉकरची आवृत्ती पक्की केली नसेल तर हे पुन्हा होईल.

आणि जिथे डॉकर कुठल्याच मार्गाने मिळणार नाही, गरजही फक्त पोस्टग्रेसची आहे, तिथे झोंकीची एम्बेडेड पोस्टग्रेस लायब्ररी पाहा. ती खऱ्या पोस्टग्रेसच्या बायनरी थेट प्रक्रिया म्हणून चालवते. रायुक नाही, इमेज ओढणं नाही. रूट युजरने चालणाऱ्या बिल्डमध्ये मात्र अडचण येते, कारण पोस्टग्रेस रूट म्हणून सुरू व्हायला नकार देतो. तिथे आधी साधा युजर बनवून बिल्ड त्याच्या नावाने चालवावं लागतं.